निळं पाकीट, पिवळं पाकीट

२ जानेवारी

या वर्षी संकल्प एकच. मागच्या वर्षी भाराभर केले होते, म्हणून एकही तडीस गेला नाही.

संकल्प: आईसाठी टपालाने सिनेमे पाठवणारी सर्व्हिस लावायची. कॉम्प्युटरवर यादी द्यायची, डिस्क पाकिटातून घरी येते, बघायची, त्याच पाकिटात घालून पेटीत टाकायची, की पुढची येते. रविवारपर्यंत निर्णय. माणसाला निर्णय घेता आला पाहिजे.

कारण: ऑक्टोबरात बाबा गेले. दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. तेव्हापासून आई खचली आहे. संध्याकाळभर बंद टीव्हीसमोर विणत बसते. विणता विणता मधेच हसते. लक्षण चांगलं नाही.

ताई म्हणते, आईला माझ्याकडे पाठव, हवापालट होईल. मी म्हणालो, या वयात तिला हलवणं म्हणजे रुजलेलं झाड उपटण्यासारखं आहे. ताई म्हणाली, दोघांतलं झाड कोण ते आधी बघ. ताईला उपमा कळत नाहीत.


४ जानेवारी

मन जरा खातंय. बाबांची सिनेमे भाड्याने द्यायची लायब्ररी होती. आधी कॅसेट, मग डिस्क. या टपालवाल्यांनीच ती बुडवली. बाबा म्हणायचे, टपालाने बिलं येतात आणि वाईट बातम्या येतात, सिनेमा माणसाच्या हातून घ्यावा. पण आईसाठी आहे म्हटल्यावर त्यांनी मान्य केलं असतं.

नसतं केलं. पण आता ते आहेत कुठे?

(हे लिहीत असताना त्यांची खुर्ची करकरली. थंडीत लाकूड आकसतं. शास्त्रीय आहे.)

बाबांची हातोटी मात्र जगावेगळी. कुठलाही सिनेमा दोन वाक्यांत सांगायचे, शेवटासकट. गिऱ्हाइकाने नुसती डबी हातात घेतली की हे काउंटरवरून, हं, शेवटी तो धाकटा भाऊच चोर निघतो. कितीतरी गिऱ्हाइकं डबी जागेवर ठेवून समाधानाने घरी जायची. आई म्हणते, लायब्ररी टपालाने नाही, तोंडाने बुडाली. आईला धंद्यातलं कळत नाही.

घरीही तेच. जेवताना एक सिनेमा सांगायचे, आम्ही ऐकायचो. इतर बोलणं विशेष व्हायचं नाही. गरजही नव्हती.


७ जानेवारी

निर्णय अजून नाही, पण कारण भक्कम आहे. सर्व्हिस दोन आहेत. एकीची पाकिटं निळी, दुसरीची पिवळी. निळ्यांकडे सिनेमे जास्त, पिवळे लवकर पोचवतात. निळे एका वेळी दोन डिस्क देतात, पण पिवळे उशीर झाला तरी बोलत नाहीत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

दोघांचीही महिन्याची ट्रायल लावून टाकली. तुलना करून ठरवू. शेवटी माझा व्यवसायच तो आहे. चष्म्याच्या दुकानात दिवसभर मी लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलतो आणि विचारतो, हे बरं दिसतंय की हे? पहिलं की दुसरं? लोक चाचरतात. त्यांच्या अनिश्चितपणाची मला कीव येते.


८ जानेवारी

सिनेमे आईने निवडावेत म्हणून तिला कॉम्प्युटरपुढे बसवलं. शिकवायला आठवडा धरला होता. मी चहा ठेवून येईपर्यंत तिने यादी भरून टाकली होती. दोन्हीकडे.

यादी पाहिली. सगळे जुने सिनेमे. सगळे बाबांनी जेवताना सांगितलेले. बाई बाबांना शोधत्येय. डोळे भरून आले. तिचे नाही, माझे. तिचे कोरडे आहेत. दुकानातून ड्रॉप्स आणणार.


११ जानेवारी

पहिलं पाकीट पिवळं. पिवळ्यांना एक गुण.

सिनेमा खुनाचा. डोंगरावरचा बंगला, वादळ, म्हातारा श्रीमंत, सगळे नातेवाईक जमलेले. आईने दिवा घालवायला लावला. मी म्हटलं, तुला भीती वाटेल. ती म्हणाली, वाटली तर सांगीन. मी स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेवला. तिच्यासाठीच.

शेवटी खुनी नर्स निघाली. आई सावरून बसली. बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडे वळली आणि मोठ्यांदा म्हणाली, खोटारडा!

माझ्या अंगावर काटा आला. खिडकी नीट बंद होत नाही.

मग ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि झोपायला गेली. पाच मिनिटांत घोरायला लागली. मी रात्रभर जागा होतो, तिला काही लागलं तर म्हणून.


१२ जानेवारी

ताईला दुकानातून फोन केला. सांगितलं, आई बाबांशी बोलते. ताईने विचारलं, काय म्हणते? मी म्हटलं, खोटारडा म्हणते. ताई म्हणाली, मग नक्की बाबांशीच बोलते.

ताई थट्टेवारी नेते. हे घर सांभाळतोय मी.


१५ जानेवारी

निळ्यांचं पाकीट आलं. बोटीचा सिनेमा. आई शेवटी पुन्हा खुर्चीकडे बघून तावातावाने, म्हणे बोट बुडते! कुठे बुडली? बँड वाजतोय किनाऱ्यावर!

शेवटी धीर करून विचारलं, आई, बाबा दिसतात का तुला?

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच खुळा. मग सांगितलं. म्हणाली, लग्न झाल्यापासून यांनी मला या सिनेमाचा शेवट सांगून ठेवलेला. बोट बुडते, पोरंबाळं सगळी जातात. मी म्हटलं, मग कशाला बघा. आयुष्यात एकही सिनेमा शेवट माहीत नसताना पाहिला नाही मी. आता बघते तर शेवट भलतेच. परवाचा खुनी म्हणे माळी. कुठला माळी? त्या बंगल्याला बाग तरी होती का?

पुढे म्हणाली, तुझ्या बाबांनी एकही सिनेमा मध्यंतराच्या पुढे पाहिलेला नाही. झोपायचे. शेवट सगळे मनचे.

शोकात माणूस काहीही बोलतो.


१६ जानेवारी

हे शक्य नाही. वीसेक वर्षं बाबांनी अख्ख्या वस्तीला शेवट सांगितले. एकाने तरी येऊन सांगितलं असतं की नाही, की बोट बुडाली नाही म्हणून? (सांगायला ते सिनेमा नेतच नव्हते, असं आई म्हणाली. तो मुद्दा वेगळा.)

खरं कारण ध्यानात आलं. या कंपन्या नव्या डिस्क काढताना शेवट बदलतात. लोकांना गोड शेवट हवा असतो. दोन्ही कंपन्यांना सविस्तर तक्रार लिहिली: आपण पाठवलेल्या सिनेमाचा शेवट चुकीचा आहे, मूळ शेवट असलेली प्रत पाठवावी.


२१ जानेवारी

निळ्यांचं उत्तर आलं. गैरसोयीबद्दल दिलगीर आहेत, दुसरी प्रत धाडली आहे. तत्परता वाखाणण्याजोगी. एक गुण.

दुसरी प्रत लावली. बोट बुडत नाही. निळ्यांचा गुण वजा.

पिवळ्यांचं उत्तर नाही. एक गुण वजा. दोघं सारखे झाले. पुन्हा पहिल्यापासून विचार करावा लागणार.


२३ जानेवारी

आईचं त्या रिकाम्या खुर्चीशी बोलणं थांबवायचं तर खुर्ची रिकामी नसावी. साधी गोष्ट, पण सुचायला डोकं लागतं. आजपासून तिथे मी बसतो. बसायला बरी आहे. पाठीला खोलगट.

बाबांचा राखाडी स्वेटरही काढला. लोकर ती लोकर, कपाटात कसर लागते. आणि त्यांचा वाचायचा चष्मा नंबर तपासायला म्हणून घातला तर टीव्ही बऱ्यापैकी दिसला. तात्पुरता वापरतोय. चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्याने दुसऱ्याचा चष्मा लावणं बरोबर नाही, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो.

त्यांच्या केसांच्या तेलाची बाटलीही अर्धी आहे. टाकून द्यायला जीव होत नाही.


२६ जानेवारी

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

पिवळ्यांचा सिनेमा. एक बाई नवऱ्याची वाट बघते, युद्धावरून पत्रं येतात. संध्याकाळची वेळ, आई सोफ्यावर, मी खुर्चीत. सिनेमा शेवटाकडे आला. खोलीत कुणीतरी खोकलं. कोरडा, दोनदा, बाबांचा असायचा तसाच. आणि मग खालच्या आवाजात, अगदी स्पष्ट: हं, शेवटी पत्रं तो लिहीतच नसतो, त्याचा मित्र लिहीत असतो.

मी गोठलो. आईलाही ऐकू गेलं, कारण तिने गर्रकन वळून माझ्याकडे पाहिलं. भीतीने. मी तिला धीर द्यायला हसलो. ती उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायला लागली. भीतीचं हेही एक रूप असतं, असं ऐकलंय.

पत्रं नवराच लिहीत होता. परत आला. घराच्या पायरीवर दोघं बसून राहिली.

एक निश्चित. या घरात बाबा आहेत. मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही, हे इथे नमूद करतो.


२९ जानेवारी

रोज संध्याकाळी खोकला. आईला विचारलं, ऐकतेस ना? म्हणाली, ऐकते. काढा करून देऊ का? बिचारी. बाबांसाठी अजून काढा करायला निघाल्येय.


३० जानेवारी

दुकानात फालतू कटकट. एक आजीबाई तक्त्यावरची खालची ओळ वाचू शकेनात. अडखळत होत्या. मी पटकन सांगून टाकली. मग पुढच्या गिऱ्हाइकालाही सांगितली. मालकांनी बाजूला घेतलं. म्हणाले, अरे, शेवटची ओळ तूच सांगितलीस तर त्यांचे डोळे तपासायचे कसे? मी म्हटलं, त्यांचा ताण हलका होतो. मालक म्हणाले, पंधरा दिवस सुट्टी घे. वडील गेल्यावर तू सुट्टी घेतलीच नाहीस.

घेतली नाही कारण आईकडे बघायला कुणी नव्हतं. (म्हणजे दिवसा मी दुकानात असायचो. पण मनाने घरी.)

सुट्टी घेतो. दोन्ही कंपन्यांचा निर्णय एकदाचा उरकून टाकतो.


२ फेब्रुवारी

भयंकर दिवस.

तिन्हीसांजेची वेळ. आई भाजी आणायला गेली होती. मी खुर्चीत, स्वेटर, चष्मा, जरा डोळा लागलेला. दिवा लावायचा राहून गेला. आई दार उघडून आत आली. पिशवी पडली. तिने बाबांना हाक मारली. मी जन्मात कधी तिच्या तोंडून ऐकली नव्हती अशी हाक. नावाने नाही, नुसतं, अहो, आलात?

मी दचकून उठलो. म्हटलं, कुठे? कुठे दिसले? सगळीकडे बघितलं, पडद्यामागे, मोरीत, माळ्यावर सुद्धा. ती तशीच उंबऱ्याशी बसली होती. बटाटे जिन्यावरून खाली गेले होते.

आईने त्यांना पाहिलं. मी त्याच खोलीत असून मला दिसले नाहीत. हे मला लागलं. तिला दिसतात, मला नुसतं ऐकू येतं. मी काय त्यांचा कुणी नव्हतो?


३ फेब्रुवारी

डॉक्टरांना घरी बोलावलं. आमचे नेहमीचे. कानात सांगितलं की आईला भास होतात. त्यांनी आईला तपासलं, दहा मिनिटं दार लावून बोलले, आतून हसण्याचा आवाज आला. बाहेर येऊन मला बसवलं आणि माझंच ब्लडप्रेशर बघितलं. जास्त निघालं. म्हणाले, आईंची तब्येत ठणठणीत आहे, तुम्ही झोप घ्या. आणि कुणाशी तरी बोला.

मी म्हटलं, कुणाशी? ते म्हणाले, वडिलांबद्दल, आईशी.

डॉक्टर बदलायला हवेत.


४ फेब्रुवारी

आईशी बोललो. म्हटलं, आई, निळे बरे की पिवळे? म्हणाली, मला काय फरक पडतो. मी म्हटलं, तसं नव्हे, मत हवं. तिने विणकाम खाली ठेवलं. मग म्हणाली, तू जेवताना तुझ्या वडिलांशी जेवढं बोलायचास, तेवढंच माझ्याशी बोलतोस.

म्हणजे बरंच, असं मी धरतो.


८ फेब्रुवारी

निळ्यांचा सिनेमा. दोन बहिणी, एक पियानो, एक घर विकायचंय. आई पुढे सरकून बघत होती. मला सिनेमात रस नव्हता, मी कान देऊन होतो. खोकला झाला. आणि आवाज आला: हं, शेवटी धाकटी घर जाळून टाकते.

आईने टीव्ही बंद केला. शेवट बघितलाच नाही. उठून आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज, मग बॅगेची चेन.

मी दाराशी जाऊन म्हटलं, घाबरू नकोस, ते काही करणार नाहीत. आपलेच आहेत.


९ फेब्रुवारी

सकाळी आईने मला समोर बसवलं. बॅग दाराशी. तिने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितोय. मला पटलेलं नाही, पण नोंद हवी.

म्हणाली, इथे कुणीही खोकत नाही. तू खोकतोस. शेवटही तूच सांगतोस, खर्जात, मान वाकडी करून. पहिल्यांदा मला वाटलं, मुद्दाम करतोयस. मग बघितलं तर तुझं तुलाच कळत नव्हतं. त्यांचं तेल, त्यांचा स्वेटर, त्यांचा चष्मा. परवा दारात उभी राहिले आणि क्षणभर मला खरंच वाटलं की आले. मग तू उठलास. पुन्हा एकदा गेले ते माझ्यासाठी.

मी म्हणालो, मी तुझ्यासाठीच केलं सगळं.

ती म्हणाली, माहीत आहे. एक माणूस गेला, त्याचं दुःख मी माझ्या पद्धतीने आवरत होते. त्याच्याशी भांडून. त्याचे खोटेपणे पकडून. मजा येत होती मला. पण एक गेला आणि दुसरा तू होऊन बसलास, तर मी भांडू कुणाशी आणि रडू कुणासाठी?

मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि तेलकट हात बघून पदराला पुसला.

ताई आणि भावोजी गाडी घेऊन आले. मी बॅग उचलायला गेलो तर भावोजींनी आधीच उचलली होती. ताई मला म्हणाली, तूही चल. मी म्हणालो, घराला कुणीतरी हवं.


१० फेब्रुवारी

आईचं म्हणणं तपासून बघायचं ठरवलं. एखाद्या गोष्टीची शहानिशा करणं हा माझा स्वभाव आहे.

संध्याकाळी स्वेटर कपाटात. चष्मा डबीत. केस दोनदा धुतले. खुर्ची समोर ठेवली, मी सोफ्यावर. दोन बहिणींचाच सिनेमा लावला, पहिल्यापासून. तोंडावर रुमाल धरून बसलो.

शेवट आला. कुणी खोकलं नाही. कुणी काही बोललं नाही. धाकटीने घर जाळलं नाही, पियानो शेजारणीला देऊन टाकला, एवढंच.

टीव्ही बंद केल्यावर मी खुर्चीला म्हणालो, बाबा, आई गेलीय आता, मी एकटाच आहे, या. काय सांगायचं ते सांगा. सिनेमाचं नको.

थंडी भरपूर होती. लाकूडसुद्धा करकरलं नाही.


११ फेब्रुवारी

कालचं वाचलं. ते प्रयोगाचा भाग म्हणून म्हणालो होतो.


१३ फेब्रुवारी

ट्रायल दोन्हीकडची संपली होती. कधीच. आठवण करून देणारी मेल आली होती म्हणे. निर्णय न घेतल्यामुळे निळ्यांनी खातं गोठवलं, पिवळ्यांनी आपणहून पुढे चालू ठेवलं. हा निर्णय म्हणायचा की नाही, यावर विचार करतोय.

उरलेली दोन पाकिटं पेटीत टाकायला गेलो तर पेटी रिकामी करायला पोस्टमन उभे होते. त्यांच्याच हातात दिली. म्हटलं, तुमच्या अनुभवात कुठली सर्व्हिस बरी? त्यांनी दोन्ही पाकिटं उलटी करून दाखवली. परतीचा पत्ता एकच. म्हणाले, मालक एकच आहे, साहेब, रंग दोन. तुम्हाला माहीत नव्हतं?

मी म्हटलं, होतं, होतं.


१६ फेब्रुवारी

दुकानात परत रुजू. मालकांनी चहा मागवला. आजीबाई पुन्हा आल्या होत्या, नंबर काढायला. खालची ओळ वाचायला त्यांना फार वेळ लागला. मी गप्प उभा राहिलो. त्यांनी तीन अक्षरं चुकीची वाचली. मी तेही सांगितलं नाही. काच बदलली.


२० फेब्रुवारी

आईचा फोन नाही. मीही केला नाही. तिला स्थिरावायला वेळ द्यायला हवा.

ताईला केला. सहज. ताई म्हणाली, आई मजेत आहे, दुपारी मी कामावर असते तेव्हा सिनेमा बघते. मी विचारलं, माझ्याबद्दल काही? ताई म्हणाली, रविवारी ये म्हणाली. पण एका अटीवर. मी म्हटलं, कळली.


२२ फेब्रुवारी, रविवार

ताईकडे गेलो. बस बदलून. आईच्या आवडीची बिस्किटं नेली. ताई, भावोजी आणि पोरं बाहेर गेली होती. मुद्दाम गेली असावीत.

टेबलावर पांढरं पाकीट. मी उचलून बघितलं. तिसरीच कंपनी. माझ्या तुलनेत ही नव्हतीच. आईला विचारलं, ही कशी निवडलीस? म्हणाली, कॉम्प्युटर उघडला तर पहिली हीच आली. मी म्हटलं, चौकशी केलीस का? म्हणाली, सिनेमा लागतोय की.

मी फारसं बोललो नाही. अट होती: शेवट सांगायचा नाही.

सिनेमा जुना, काळा-पांढरा. एक तरुण जोडपं एका शहरात नवीन येतं, खोली मिळत नाही, रात्रभर स्टेशनच्या बाकावर बसून काढतात. सकाळी तो म्हणतो, मी खोली बघून येतो, तू इथेच थांब. आणि जातो. ती थांबते. दुपार होते.

आई म्हणाली, हा यांनी मला कधी सांगितला नाही. लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा थिएटरात गेलो तो हाच. इथवरच पाहिला. दिवे गेले, आले नाहीत, सगळ्यांना घरी पाठवलं. चालत आलो. यांना जेवताना लाखो सिनेमे सुचले, हा सोडून.

मी ओठ घट्ट मिटून बसलो. पडद्यावर ती बाकावरून उठली. कुणीतरी येताना दिसलं तिला, लांबून. तिने हात वर केला.

आणि चित्र थांबलं. हात वर, तोंड जरा उघडं. आईने रिमोट दाबला. पुढे जाईना. डिस्क काढून पुन्हा घातली. पुन्हा तिथेच, हात वर.

आई बराच वेळ त्या बाईकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, सांग.

मला वाटलं, परीक्षा घेत्येय. पण तिच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. खरंच विचारत होती. कोण येतंय ते सांग. तोच का?

मी तोंड उघडलं. शंभर शेवट असायला हवे होते. एकही नव्हता. खोकलासुद्धा आला नाही.

म्हटलं, माहीत नाही, आई.

ती म्हणाली, तुझे बाबाही हेच म्हणाले होते. त्या दिवशी घरी चालत येताना मी विचारलं तेव्हा. जन्मात एकदाच.

मग ती रडली. ऑक्टोबरपासून पहिल्यांदाच, माझ्यासमोर तरी. मला काय करायचं ते कळेना, म्हणून मी तिच्या शेजारी सोफ्यावर जाऊन बसलो, आणि मीही. कुणी टीव्ही बंद केला नाही. ती बाई हात वर करून उभीच.

नंतर चहा झाला. बिस्किटं मऊ पडलेली निघाली. आई म्हणाली, पुढच्या रविवारी ये. आणि हे पाकीट तेवढं जाता जाता पेटीत टाक, म्हणजे ते दुसरी प्रत पाठवतील.

कोपऱ्यावर पेटी होती. टाकलं. आत पडल्याचा आवाज आला तेव्हा सुचलं, डिस्क नुसती पुसून बघायला हवी होती.

पेटीच्या फटीतून मनगटाच्या पुढे हात जात नाही. बघितलं.